कोळ्याचे आठ पाय खलनायकाकडे

वडगावात आमच्या घरी माग असल्यामुळे साडी उलटी करून पाहण्याची सवय मला लहानपणापासून लागली आहे. सुलट बाजूला जे फूल उमटते त्याचेच धागे मागे लोंबत असतात. सूत काही वेगळे नसते. कॉमिक्समधल्या खलनायकाकडेही मी तसाच पाहतो. म्हणून परवा भाच्याने 'व्हेनम हाच स्पायडरमॅनचा खरा आरसा' असे ठासून सांगितले तेव्हा ते मला पटले नाही. व्हेनम म्हणजे स्पायडरमॅनचा काळ्या सूटातला शत्रू: छातीवर तोच कोळी, वर दात आणि लांब जीभ. ही नुसती नक्कल झाली.

माझे मत स्पायडरमॅनच्या दुसऱ्या शत्रूला, डॉक्टर ऑक्टोपसला. पीटर पार्कर, म्हणजे स्पायडरमॅन, १९६२ मध्ये आला आणि ऑटो ऑक्टेव्हियस, म्हणजे हा डॉक्टर ऑक्टोपस, पुढच्याच वर्षी. दोघेही चश्मेवाले, विज्ञानात बुडालेले. एकाला किरणोत्सर्गी कोळी चावतो, तर दुसऱ्याच्या अंगाला प्रयोगशाळेतल्या किरणोत्सर्गाच्या अपघातात यांत्रिक हात कायमचे चिकटतात. मी भाच्यापुढे चित्र धरले आणि बोट ठेवून मोजायला लावले: दोन पाय, दोन हात, चार यांत्रिक हात. एकूण आठ! नाव कोळ्याचे लावतो नायक, पण कोळ्याचे आठ पाय वागवतो खलनायक.

बरे, पीटर तरी सुरुवातीला कुठे सज्जन होता? अंगात शक्ती येताच तो पैशांसाठी टीव्हीवर कसरती करू लागला, आणि समोरून पळणाऱ्या चोराला 'हे माझे काम नव्हे' म्हणून त्याने जाऊ दिले. त्याच चोराने पुढे पीटरला वाढवणाऱ्या बेनकाकांचा जीव घेतला. ती टोचणी ऑक्टेव्हियसच्या वाट्याला आलीच नाही.

"मामा, आली असती तर?" भाच्याने विचारले.

गंमत म्हणजे लेखकांनी तेही करून पाहिले आहे. मरणाच्या दारातला ऑक्टेव्हियस पीटरचे शरीर बळकावतो, पण त्याबरोबर पीटरच्या आठवणी, म्हणजे बेनकाकासुद्धा, त्याच्या माथी येतात आणि २०१३ च्या सुरुवातीपासून २०१४ च्या एप्रिलपर्यंतच्या अंकांत तोच स्पायडरमॅन म्हणून वावरतो. उद्दाम, निर्दय, पीटरपेक्षा आपण सरस हे सिद्ध करायला निघालेला! अखेर जिच्यावर त्याचे प्रेम आहे तिला वाचवणे आपल्याला नव्हे, पीटरलाच जमेल हे ओळखून तो स्वतःला पुसून टाकतो आणि शरीर परत करतो.

जीभ बाहेर काढणाऱ्या काळ्या सूटकडून हे पान लिहून घेता आले नसते, असे मी भाच्याला म्हणालो. तो अजून व्हेनमवरच अडून आहे.