"दोन फटके दिले की पोरगं सरळ" म्हणे

सोसायटीच्या, शाळेच्या, माहेरच्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय: आम्ही मार खाऊनच घडलो, पॉझिटिव्ह डिसिप्लिन, म्हणजे न मारता शिस्त लावणं, हे परदेशी फॅड, त्यानं मुलं लाडावतात, आणि नाहीतरी ती नाव बदललेली शिक्षाच. शेवटी सल्ला, टीचरलाही सांगून ठेवा, दोन ठेवून द्या. खाली अंगठ्यांची रांग.

परदेशी? त्यातलं लॉजिकल कॉन्सिक्वेन्स, म्हणजे चुकीशी थेट जोडलेला परिणाम, हे नाव मानसोपचारतज्ज्ञ रुडॉल्फ ड्रायकर्सनी रुळवलं, तो व्हिएन्नाचा, कबूल. पण गुजरातचे शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं ते छडी बाजूला ठेवूनच, आणि त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक तर जन्मानं मुंबईकर.

लाडावतात? वन बीएचके, चार वर्षांचा पोरगा टीव्हीसमोर बॉल उडवतोय. फटका दिला की भोकाड, मग आजी मधे पडणार, बॉल राहिला बाजूला आणि विषय सासू-सुनेवर. त्यापेक्षा आधीच सांगायचं, घरात बॉल घरंगळवायचा, उडवलास तर कपाटावर जाईल, संध्याकाळी खाली कंपाउंडमधे मिळेल. उडवला? आवाज न चढवता बॉल वर. रडेल, रडू दे, जवळ बसा, पण बॉल काढायचा नाही, आणि लोकलमधून चेंगरून घरी आल्यावर हे करून बघा, "घे बाबा एकदाचा" म्हणणं किती सोपं असतं ते कळेल.

शिक्षाच आहे? केली तर होते, हे खरंय. बॉल उडवला म्हणून रात्रीची गोष्ट बंद, ही शिक्षा, एकाचा दुसऱ्याशी संबंध काय? दूध सांडलं, फडकं दिलं, दोघांनी मिळून पुसलं, हा परिणाम. तेच "वेंधळा कुठला, पूस आता" असं पाहुण्यांसमोर म्हटलं की संपलं. आणि खिडकीच्या ग्रिलवर चढला तर परिणाम शिकवत बसू नका हो, आधी उचला त्याला.

आणि ते "आम्ही घडलो ना". 2016 मध्ये गर्शॉफ आणि ग्रोगन-केलर या संशोधकांनी जुने अभ्यास एकत्र तपासले, सुमारे 1 लाख 60 हजार मुलं, फटक्यांचा संबंध जास्त आक्रमकपणाशी आणि बिघडलेल्या नात्यांशी दिसला. संबंध म्हणजे कारण नव्हे, मान्य, पण मारानं मुलं घडतात असंही त्यात काही दिसलं नाही.

टीचरवाला सल्ला तर सरळ बेकायदेशीर, 2009 च्या आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शाळेतला मार आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई करतं.