फॉरवर्ड करणाऱ्यांची जिरवावी कशी?

मेल सर्व्हर नव्याने ताब्यात आला असेल, तर आधी मनाशी पक्कं करा: सर्व्हर तुमचा, वापरकर्ता उपरा. त्याने कधीकाळी होम डिरेक्टरीत एका ओळीची डॉट-फॉरवर्ड फाइल ठेवून आपला मेल दुसऱ्या पत्त्यावर वळवला असेल, तर ती त्याची हौस. तुम्ही कशाला बघायला जाता?

मेल सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर पोस्टफिक्स मात्र उगाच भिडस्त. त्याचा 'लोकल' नावाचा डिलिव्हरी एजंट आधी एलियस (टोपणपत्त्यांची यादी) बघतो, मग डॉट-फॉरवर्ड, आणि मेल पेटीत टाकायचं काम कुठल्या प्रोग्रामने करायचं हे सांगणाऱ्या तुमच्या लाडक्या मेलबॉक्स_कमांडचा नंबर लागतो त्यानंतर. म्हणजे सेटिंग तुम्ही करायची आणि पहिला शब्द वापरकर्त्याचा! यावर उपाय आहे. लोकल_ट्रान्सपोर्ट, म्हणजे इथला मेल कुणाकडे सोपवायचा ती सेटिंगच, बदला आणि मेल थेट एलएमटीपी या प्रोटोकॉलने डव्हकॉटच्या, म्हणजे मेलपेट्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, हवाली करा. 'लोकल' वाटेतच आला नाही, तर ती फाइल वाचणार कोण? वापरकर्ता विचारत आलाच, तर लॉग उघडून दाखवा, "डिलिव्हर झालाय की!" सीव्हमध्ये, म्हणजे डव्हकॉटच्या मेल-नियमांच्या भाषेत, रीडायरेक्ट लिहिता येतं, हे बोलून जाऊ नका.

इतकी हिंमत होत नसेल आणि फॉरवर्ड चालूच ठेवावं लागलं, तर निदान स्पॅमची गाळणी तरी मेलबॉक्स_कमांडमध्येच बसवा. वळवलेला मेल तिथवर पोचतच नाही. सगळा कचरा न गाळता पुढच्या सर्व्हरवर जातो. त्यांना दिसतो तुमचा आयपी पत्ता. त्यांनी तुम्हाला काळ्या यादीत टाकलं, की ज्यांनी आयुष्यात काही फॉरवर्ड केलं नाही त्यांचाही मेल अडतो. यालाच समान वागणूक म्हणतात. (मिल्टर, म्हणजे मेल आत येतानाच तपासणारी गाळणी, लावून एसएमटीपीचं, म्हणजे दोन सर्व्हरमधलं, बोलणं चालू असतानाच ५५० (नकार) म्हणत कचरा दारातून परत लावणारेही असतात. रिकामटेकडे, दुसरं काय!) तुम्ही २५० (स्वीकार) म्हणून सगळं आत घ्या, मग तपासा, मग पाठवणाऱ्याच्या नावे बाउन्स, म्हणजे 'पोचलं नाही'चं पत्र, धाडा. स्पॅमवरचा पाठवणारा बहुधा खोटाच असतो, त्यामुळे तो बाउन्स भलत्याच निष्पाप माणसाला मिळतो. तेवढीच नवी ओळख.

आता एसपीएफ, म्हणजे कोणत्या आयपीवरून आपला मेल निघतो याची डोमेनने जाहीर केलेली यादी. मूळ पाठवणाऱ्याच्या नावाने तुमच्या आयपीवरून मेल निघाला, की पुढे ते नापास होतं. एसआरएस या युक्तीने लिफाफ्यावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून आपल्या डोमेनचा करता येतो, पण दुसऱ्याच्या पत्राला हात लावणं तुमच्या तत्त्वात बसत नाही. बरोबरच आहे. मात्र विषयाच्या ओळीत 'स्पॅम?' घुसवायला आणि मजकुराखाली गोपनीयतेची लांबलचक सूचना चिकटवायला विसरू नका. एसपीएफ आधीच गेलेलं असतं, आता पत्र वाटेत बदललं नाही याची हमी देणारी डीकेआयएमची सहीही मोडते, आणि ज्या डोमेनने डीमार्कला (या दोन्हींत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणाऱ्या नियमाला) 'रिजेक्ट' सांगून ठेवलंय त्याची पत्रं पुढे हमखास नाकारली जातात. महत्त्वाची पत्रं नेमकी अशाच डोमेनवरून येतात. काही स्पॅमवाल्यांनी मात्र आपलं स्वतःचं डोमेन नीट लावलेलं असतं आणि त्यांचं पत्र दुसऱ्या वाटेने तरी पोचतंच.

राहता राहिलं डिलिव्हर्ड-टू हेडर, म्हणजे पत्र या पत्त्यावर आधी येऊन गेलंय ही खूण. दिसायला घाण, काढून टाका. दोन पत्ते एकमेकांकडे वळवलेले असले, की पत्र गोल फिरत राहील. पोस्टफिक्स ५० हॉपनंतर (सर्व्हर ते सर्व्हर उड्यांनंतर) कंटाळतो, ती मर्यादाही वाढवा. सकाळी रांगेची लांबी बघून वरिष्ठच नवा, मोठा सर्व्हर मंजूर करतील.