मराठीत फक्त 'बंद करणे'? आधी दाराची कडी आठवा

जळगाव-धुळ्याच्या पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. इंग्रजीतले क्लोज, शट, लॉक, फासन (fasten) म्हणजे सगळं 'बंद करणे', कोणताही शब्द वापरा. फक्त शट उद्धट आहे, तो टाळा. आणि मराठीत या सगळ्याला एकच शब्द असल्यामुळे आपल्या मुलांना फरक कळणारच नाही. मी यावल तालुक्यात बरीच वर्षं इंग्रजी शिकवतोय. शेवटचं वाक्य मला फार लागलं, म्हणून आधी तेच घेतो.

मराठीत एकच शब्द? आपण दार लोटतो, लावतो, कडी घालतो, अडसर सरकवतो, कुलूप ठोकतो. डोळे मिटतो, डबा झाकतो, बाटलीला बूच लावतो, दिवा मालवतो. दुकानदार तर दुकान 'वाढवतो'. माझी आजी दुपारी म्हणायची, 'कवाड लोटी दे.' शेजारच्या काकू मग हाक न मारताच आत यायच्या. रात्री मात्र 'कडी लाई दे.' पाच वर्षांच्या मला हा फरक कळत होता. लोटणं म्हणजे क्लोज, कुलूप म्हणजे लॉक. ज्याला हे ठाऊक आहे, त्याला इंग्रजीतला फरक परका नाही.

'कोणताही वापरा' हे तर घातक आहे. भुसावळच्या लाइनवर सिग्नलशी जोडलेली फाटकं आहेत. तिथे दांडा नुसता खाली येऊन भागत नाही. फाटक लॉक झाल्याशिवाय गाडीला सिग्नलच मिळत नाही. क्लोज आणि लॉक ही दोन वेगळी कामं आहेत. आमच्या गावात एकाच्या मळ्यातल्या खोलीतून मोटर चोरीला गेली. इंग्रजी अर्जात त्याच्या मुलाने 'रूम वॉज क्लोज्ड' लिहिलं. चोरीच्या विम्यात सहसा कुलूप तोडल्याची, जबरदस्तीने शिरल्याची खूण मागतात. अर्ज परत आला : खोलीला कुलूप होतं की नव्हतं? होतं हो, चांगलं पितळी कुलूप होतं! लिहायला हवं होतं 'लॉक्ड'. त्या एका शब्दापायी माणसाला हेलपाटे पडले.

शट उद्धट नाही. उद्धट आहे ते 'शट अप'. 'शट द डोअर, प्लीज' अगदी घरगुती आहे. या शब्दाचा जुना अर्थच मुळी दाराला अडणा सरकवणं असा होता. दार, पेटी, डोळे यांना क्लोज आणि शट दोन्ही चालतात. पण बँकेतलं खातं, सभा, दुरुस्तीसाठी रस्ता यांना क्लोजच. उलट दारात बोट चेमटलं तर तिथे शटच लागतो, क्लोज बसत नाही. आणि 'बंद दार' म्हणायचं तर 'क्लोज्ड डोअर'. 'शट डोअर' असं सहसा कोणी म्हणत नाही.

एका ठिकाणी मात्र आपला 'बंद' खरंच पाय अडकवतो. 'लाइट बंद कर', 'मोटर बंद कर' म्हणायची सवय असल्यामुळे मुलं 'क्लोज द लाइट' लिहितात. विजेच्या वस्तूला 'स्विच ऑफ' किंवा 'टर्न ऑफ'. नळाला आणि गॅसला 'टर्न ऑफ'.

राहिला फासन. लिहिताना त्यात टी येतो, बोलताना तो गप्प. दोन टोकं एकमेकांत अडकवायची असली की हा शब्द : सीट बेल्ट, शर्टाची बटणं, दप्तराचा पट्टा. त्यासाठी कुलूप लागतंच असं नाही.