आईची पाठ, मावशीची पाठ

गावच्या व्हॉट्सॲप गटावर परवा पुन्हा तोच वाद पेटला. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. दहा हजार तरुणांना तिकडे कामाला पाठवायचं ठरलं आणि त्या कामांत रुग्णसेवाही आली. एकाने लिहिलं, "आपल्या पोट्ट्यायनं शिकून त्यायच्या म्हाताऱ्यायचं हगणं-मुतणं काढाचं काय?" दुसरा म्हणाला, "पैसा भेटते ना बावा." तिसऱ्याने निकालच दिला: तिकडे म्हाताऱ्यांना वृद्धाश्रमात टाकतात, आपल्याकडे घर आहे, संस्कार आहेत.

मी त्याच राज्यात, श्टुटगार्टजवळ, अकरा वर्षं राहते. माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं. तिसऱ्याचं वाक्य वाचलं आणि मला आईची पाठ आठवली.

२०२१ च्या पोळ्यानंतर आईला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. शहरातल्या एका दवाखान्यात बारा दिवस ठेवलं, मग फाईल आणि गोळ्यांची पिशवी हातात देऊन सांगितलं, "आता घरी न्या, सेवा करा." सेवा करा म्हणजे नेमकं काय करा, हे कोणी सांगितलं नाही. वहिनीने विचारलं नाही, कारण बाईच्या जातीला हे येतंच असं सगळे धरून चालतात, आणि तीही तसंच धरून चालली होती.

तिसऱ्या आठवड्यात माकडहाडावर लाल डाग दिसला. शेजारणींनी सांगितलं, खोबरेल तेल लावून चोळ. वहिनीने मनापासून, जोर लावून चोळलं. दाबाने लाल झालेली जागा चोळायची नसते, आतली कातडी त्याने आणखी तुटते, हे मला फार उशिरा कळलं. महिन्याभरात तिथे मूठ मावेल एवढी जखम झाली. भावाने हवेची गादी आणली, पण तिचा पंप विजेवर चालतो आणि आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. रात्री लाईन गेली की गादी बसायची आणि आई पुन्हा बाजेच्या पट्ट्यांवर. दर दोन तासांनी कूस बदलायची, पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवायच्या, एवढं कोणी पहिल्याच दिवशी दाखवलं असतं तर त्या गादीची एवढी गरज पडली नसती.

वहिनीला एकटीने झेपेना, तेव्हा गावातलीच एक मावशी लावली. महिन्याला सहा हजार, सकाळ-संध्याकाळ. शेतमजूर बाई, शाळा चौथीपर्यंत. आईला उचलून बसवायची, धुवायची, डोईला तेल लावायची, तिच्याशी बोलायची. मी तीन आठवड्यांसाठी आले होते तेव्हा पाहिलं, आई तिच्याकडे पाहून हसायची, माझ्याकडे पाहून नाही. आणि हेही लिहिलंच पाहिजे: आमच्या घरात त्या मावशीचा चहाचा कप वेगळा होता. जी बाई माझ्या आईचं सगळं अंग धुते, तिचा कप आमच्या कपांत चालत नव्हता. मी तेव्हा गप्प बसले, त्याची लाज मला आजही वाटते.

दिवाळीनंतर कपाशीची वेचणी लागली. वावरात तिला जास्त मिळत होतं, तरी तिने आईला सोडलं नाही, सकाळचं काम उरकून वेचायला जायची. माघात तिची कंबर धरली. एकटीनेच, वाकून, साठ किलोचं अंग रोज दोनदा उचलत होती. "तिले उलटवाचं कसं, हे मले कोणीच नाई सांगतलं," ती म्हणाली. गुडघे वाकवून, जुनं लुगडं दुपदरी करून अंगाखाली घालायचं आणि दोघींनी दोन बाजूंनी ओढायचं, ही शिकायला दहा मिनिटं लागणारी गोष्ट. ती माहीत नसल्याने एका मजूर बाईची कंबर गेली, म्हणजे तिचं पोट गेलं. मावशी येऊ शकली नाही त्या पंधरा दिवसांत आईला निजूनच पेज पाजली गेली, ठसके लागले, छातीत भरलं. पुढच्या पावसाळ्यात आई गेली. वहिनीला मी कधीच दोष दिला नाही, देणारही नाही.

आता माझ्या इमारतीतलं सांगते. खालच्या मजल्यावर शहाऐंशी वर्षांच्या आजी राहतात, त्यांनाही लकवाच झाला. सकाळी सेवा-संस्थेची बाई येते, बाकीचं त्यांची लेक बघते. त्या लेकीने घरच्या माणसांसाठीचा वर्ग केला, फुकट. तो खर्च काळजी-विमा उचलतो. हा विमा जर्मनीत १९९५ पासून आहे, पगारातून कापला जातो. माणसाला किती मदत लागते ते घरी येऊन तपासतात आणि एक ते पाच अशी पायरी ठरवतात. घरच्याच माणसाने सांभाळलं तर दुसऱ्या पायरीपासून महिन्याला पैसे मिळतात, २०२५ पासून ३४७ युरो आणि वरच्या पायऱ्यांना अधिक. आठवड्याला किमान दहा तास घरच्याची सेवा करणाऱ्याचा, ठरलेल्या अटींत बसत असेल तर, निवृत्तिवेतनाचा हप्तासुद्धा विमाच भरतो. लेक सांगत होती, वर्गात पहिला अख्खा दिवस त्यांनी म्हाताऱ्याबद्दल नाही, तिच्या स्वतःच्या कमरेबद्दल शिकवलं. ते ऐकताना मला मावशी आठवली आणि मी त्या लेकीसमोरच रडले.

आणि वृद्धाश्रमाचं म्हणाल तर, २०२३ च्या अखेरीला जर्मनीत काळजीची गरज असलेले सुमारे ५७ लाख लोक होते, त्यांतले दहापैकी आठांहून जास्त घरीच राहत होते. घरीच. फरक एवढाच की त्या घरामागे कोणीतरी उभं असतं.

इथे सगळं चांगलं आहे असं मी म्हणत नाही. माणसं कमी आहेत, येणारी बाई घड्याळाकडे बघत काम करते. घरात चोवीस तास राहणाऱ्या बऱ्याचजणी पोलंड, रुमानिया, बल्गेरियातून येतात, आणि त्यांच्या मागे त्यांच्या म्हाताऱ्या आयांजवळ कोण असतं हे कोणी विचारत नाही. अशा एका बल्गेरियन बाईने दावा लावला, तेव्हा २०२१ मध्ये इथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने सांगितलं की रात्री हाकेला तयार राहणं हेही काम आहे आणि त्याला किमान वेतन द्यावं लागेल. म्हणजे श्रीमंत देशातही हे काम "घरचंच तर आहे" म्हणून फुकटात काढून घ्यायची सवय आहे. आमचे पोट्टे इथे येणार असतील तर त्यांनी हा निकाल वाचूनच यावं.

माझं म्हणणं पाठवण्याच्या विरोधात नाही. मीही आलेच की. पण पोरांना परक्या देशात पाठवण्याआधी त्यांची भाषा आणि त्यांची रुग्णसेवा शिकवायची तयारी सरकारला करता येते. मग तेच उपकेंद्राच्या ओसरीवर, वऱ्हाडीत, माझ्या वहिनीला का शिकवता येत नाही?

आणि हे विदर्भाला कोणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने एकोणचाळीस गावांत जेमतेम शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या घरोघरी जाऊन बाळाचं वजन करत, श्वास बघत, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनही देत. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं आणि पुढे देशभरातल्या आशांच्या कामात घरोघरची नवजात बाळाची भेट आली. अडीच-तीन किलोचं बाळ घरच्या घरी वाचवायला शिकलेली बाई साठ किलोची आजी सांभाळायला शिकू शकत नाही, असं कोण म्हणेल?

हे काम आशांच्याच डोक्यावर टाका असंही मला म्हणायचं नाही. २०२४ च्या सुरुवातीला त्या स्वतःच्या मोबदल्यासाठी मुंबईच्या आझाद मैदानावर बसल्या होत्या. गावच्या सरकारी आरोग्य केंद्राच्या, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिराच्या, सेवांच्या यादीत वृद्धांची आणि दुखणाईताची काळजी आहेच. ती यादीतून घरापर्यंत आणायला वेगळी, पगारी, गावातलीच बाई लागेल, आणि तिची कंबर धरली तर पंधरा दिवस दुसरी कोणी लागेल. दवाखान्यातून सुट्टी देताना घरच्या दोघांना अर्धा तास समोर बसवून कूस बदलायला आणि बसवून भरवायला शिकवायला तर एक पैसाही लागत नाही. श्रावणबाळ योजनेत म्हाताऱ्याला महिन्याला पंधराशे मिळतात, पण ज्याच्या नावाने ती योजना आहे त्या कावड वाहणाऱ्याला काहीच नाही. केरळने 'आश्वासकिरणम्' योजनेत अंथरुणाला खिळलेल्याला सांभाळणाऱ्यासाठी महिना सहाशे रुपये ठेवले. सहाशे फार थोडे आहेत, पण सांभाळणाराही एक माणूस आहे असं त्या कागदावर लिहिलंय तरी.

हलकं काम म्हणणाऱ्या गटावरच्या त्या पहिल्या भावाला एकच आठवण देते. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामच्या आश्रमात, कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्रींच्या अंगाला गांधीजी स्वतःच्या हाताने मालीश करत असत. ती कुटी अजून आहे, जाऊन बघता येते.

मावशी आता गावातल्या दुसऱ्या एका आजोबांकडे जाते. गेल्या रविवारी वहिनीच्या फोनवरून तिने व्हिडिओ कॉल लावला. मी इथे उशीला लुगड्यासारखी चादर गुंडाळून, गुडघे वाकवून, ओढायचं कसं ते दाखवलं. तिने तिकडे आजोबांच्या नातवाला दुसऱ्या बाजूला उभं केलं आणि करून बघितलं. आजोबा सरळ कुशीवर वळले. मग आमच्या घरी येऊन वहिनीने दोघींसाठी चहा आणला, एकसारख्या कपांत. मावशीने घोट घेतला आणि मला विचारलं, "ताई, एवढं शिकाले जर्मनीत जा लागते काय?"