‘घुम्या मुलांचे कौतुक पुरे’ म्हणणाऱ्या वाचकांस

सप्रेम नमस्कार.

पाब्लो नेरूदाच्या बालपणावरील माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. ज्यांच्या वाचनात ती आलेली नाही त्यांच्यासाठी आधी तिचा सारांश देते. चिलीच्या दक्षिणेकडील पावसाळी तेमुको गावात वाढलेला नेफ्ताली रेयेस हा किरकोळ अंगाचा, अबोल, स्वतःशीच खेळणारा मुलगा पुढे पाब्लो नेरूदा झाला, यात त्याच्या अबोलपणाचा वाटा मोठा होता आणि अशा मुलाला ओढून माणसांत आणण्याची घाई करू नये, असे मी लिहिले होते. तुमचे म्हणणे असे की घुम्या मुलांचे कौतुक आता पुरे झाले. जो कवी झाला तो दिसतो, जे नुसतेच मागे राहिले ते कोणाच्या खिजगणतीत नसतात. नेरूदाच्या वडिलांवर मी अन्याय केला, आईला तर विसरलेच. बायरनसारखे कवी काही कोपऱ्यात बसून घडले नाहीत. सबब लेखाचा शेवटचा परिच्छेद मी काढून टाकावा. या सगळ्याच्या मधोमध तुमचे एक वाक्य आहे: ‘मूल बोलत नाही म्हणजे त्याच्या आत काहीतरी थोर चालले आहे, हा मोठ्या माणसांनी स्वतःच्या समाधानासाठी करून घेतलेला भाबडा समज आहे.’

त्या वाक्याकडे येतेच. त्याआधी सुराविषयी बोलणे भाग आहे. ‘कधी एखाद्या वर्गासमोर उभ्या राहिला आहात का?’ असा प्रश्न तुम्ही मला केला आहे, आणि उत्तर ठाऊक असल्याप्रमाणे लगेच पुढच्या मुद्द्याकडे वळला आहात. शेवटी ‘ताई, जरा जमिनीवर या’ असा सल्लाही दिला आहे. ताई म्हटले की त्यामागून काहीही बोललेले खपते, असा आपल्याकडे समज आहे. मी तुम्हाला ओळखत नाही, तुम्ही मला ओळखत नाही. तेव्हा मतभेद असतील तर ते लेखातील वाक्यांशी असावेत, लेखिका जमिनीवर आहे की आणखी कोठे याच्याशी नसावेत. आयुष्यभर अध्यापन केल्याचे तुम्ही लिहिले आहे. त्याविषयी मला आदर आहे. मात्र वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या मुलीला उद्देशून हाच सूर लागत असेल, तर ती का बोलत नाही याचा शोध फार दूर जाऊन घ्यावा लागणार नाही.

आता ते वाक्य. अबोल मुलाच्या आत काही थोर चालले असते, असे मी कोठेही म्हटलेले नाही. काही चालले असते, एवढेच म्हटले आहे, आणि त्यावर मी ठाम आहे. लाजाळू मूल गप्प राहते ते त्याच्यापाशी वाक्य नसते म्हणून नव्हे. वाक्य असते, आणि बहुधा ते कितीदा तरी घोळवून झालेले असते. प्रश्न विचारला जातो, उत्तर येत असते. पण ते कोणत्या शब्दाने सुरू करावे, आवाज चिरकेल का, कोणी हसेल का, या धास्तीत ते मूल वाक्याची सुरुवात बदलते, मधला एक शब्द गाळते, शेवट आखूड करते, आणि ते वाक्य जिभेवर येईतो शेजारच्या धीट मुलाने तेच उत्तर वेड्यावाकड्या शब्दांत देऊन शाबासकीही घेतलेली असते. पाहणाऱ्याला दिसते ते एवढेच की एक बोलला आणि एक घुम्यासारखा बसून राहिला. न बोलल्या गेलेल्या त्या वाक्याचे पुढे काय होते, हे शिक्षकांना दिसत नाही, कारण ते मूल ते वाक्य घरी नेते. संध्याकाळी ते पुन्हा काढून पाहते, आणि या वेळी ते जसे हवे तसे म्हणते. बोलण्याआधी वाक्य फिरवून पाहणे, आणि बोलण्याची वेळ टळून गेल्यावरही ते न सोडणे, ही कविता लिहिणाऱ्याची रोजची मजुरी आहे. धीट मुलाला ती करावी लागत नाही, त्याचे भागते.

हे मी ऐकीव सांगत नाही. शाळेत हजेरी सुरू झाली की माझ्या पोटात गोळा येत असे. ‘हजर’ एवढा एकच शब्द म्हणायचा, पण त्यातला ‘ह’ घशातच अडकत असे आणि नुसते ‘जर’ बाहेर पडे. त्यामुळे माझे नाव येईपर्यंत मी बाकीची नावे अगदी कान लावून ऐकत असे, श्वास कधी घ्यायचा हे ठरवण्यासाठी. ऐकता ऐकता एक गोष्ट ध्यानात आली. हजेरी एका ठेक्यात चालते. आखूड नावे सलग आली की बाईंचा आवाज धावतो, मध्येच एखादे लांबलचक आडनाव आले की तो अडखळतो आणि पुढच्या नावावर पुन्हा सावरतो. हे मला कोणी शिकवलेले नव्हते. भीतीपोटी शिकले. पुढे मात्रा मोजायला शिकवल्या गेल्या आणि यती, म्हणजे ओळीतला विसावा, काय असतो ते फळ्यावर लिहून दाखवण्यात आले, तेव्हा वर्गातल्या धीट मुलांना तो विषय रुक्ष वाटला; मला तो जुन्या ओळखीचा वाटला. माझ्या कविता थोर आहेत असा माझा दावा नाही, पण त्यांत जो काही कान आहे तो त्या हजेरीच्या वहीतून आलेला आहे, आणि याविषयी माझ्याइतकी अधिकारवाणीने तुम्ही बोलू शकत नाही.

‘लवकर माणसांत आणले की अशी मुले खुलतात,’ असे तुम्ही ओघात लिहून गेला आहात. माझ्या बाबतीत तोही प्रयोग झालेला आहे. एका हितचिंतक नातेवाइकांनी परस्पर माझे नाव वक्तृत्वस्पर्धेत घातले होते. भाषण तोंडपाठ होते, हातवाऱ्यांसकट. व्यासपीठावर पहिली काही वाक्ये झाली आणि पुढचे सारे पुसले गेले. मग पडल्या त्या दयेच्या टाळ्या. खुलणे राहिले बाजूला, त्यानंतर बराच काळ मी घरच्या पाहुण्यांसमोरही बाहेर येत नसे. आज मी कविसंमेलनांत कविता वाचते, पुष्कळदा न अडखळता वाचते. ते त्या स्पर्धेमुळे नव्हे, तर म्हणण्याजोगे काही हाती आल्यावर ते म्हणावेसे वाटले म्हणून.

तुम्हाला माझे उदाहरण पुरेसे वाटणार नाही. मग ज्याच्यावरून हा वाद निघाला त्याच्याकडेच वळू. नेरूदाने आत्मकथनात एक प्रसंग सांगितला आहे, जो लेखात जागेअभावी राहून गेला. शाळेतील एका मुलाला लोहाराची मुलगी ब्लांका विल्सन आवडत असे आणि तिला लिहायची प्रेमपत्रे त्याने नेफ्तालीकडून लिहून घेतली. आपल्या पहिल्यावहिल्या साहित्यकृती बहुधा त्याच असाव्यात, असे नेरूदा म्हणतो. एके दिवशी त्या मुलीने त्याला गाठून विचारले की, ही पत्रे लिहिणारा तूच का? आपल्या कृती नाकारण्याचे त्याला धाडस झाले नाही, म्हणून त्याने गोंधळून हो म्हटले. तिने त्याला क्विन्सचे एक फळ दिले. ते अर्थातच त्याला खायचे नव्हते. त्याने ते ठेव्यासारखे जपून ठेवले. मुलींशी बोलताना आपण अडखळू किंवा लाल होऊ, या भीतीने त्यांच्याकडे लक्षच नसल्याचा आव आणून बाजूने निघून जाणारा हा मुलगा. तोंडाने एक शब्द फुटत नव्हता आणि दुसऱ्याच्या नावाने पत्रांमागून पत्रे लिहिली जात होती. आत काही चालले नव्हते, असे हे फळ हातात धरलेले पोर पाहून तुम्ही म्हणणार असाल तर म्हणा.

आणि तुम्ही चिलीच्या ज्या कवयित्री गॅब्रिएला मिस्त्राल यांचा दाखला माझ्याविरुद्ध दिला आहे, तो तर माझ्याच बाजूचा आहे. ‘चांगल्या शिक्षिकेने हात धरून बाहेर काढले म्हणून तो घडला,’ असे तुम्ही लिहिता. मिस्त्राल १९२० मध्ये तेमुकोतील मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होऊन आल्या. पुढे १९४५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. नेरूदाला ते मिळाले १९७१ मध्ये. एकाच लहानशा गावात दोघे एकाच वेळी असावेत, हा योग मोठाच. पण त्या भेटींत झाले काय? नेरूदा सांगतो की त्याने त्यांना फार थोड्या वेळा पाहिले, कारण अनोळखी माणसांशी संबंध येण्याची त्याला भीती वाटे. त्यांनी त्याला रशियन कादंबऱ्या दिल्या: टॉलस्टॉय, दस्तयेवस्की, चेकॉव्ह. तो त्या घेऊन गेला. व्यासपीठावर ढकलणे नाही, ‘जरा मोठ्याने बोल’ नाही. वर्गासमोर उभे राहण्याचा अनुभव मिस्त्राल यांनाही होता, आणि अबोल मुलाला काय द्यावे हे त्यांना कळत होते.

एक गोष्ट मान्य करते. नेरूदाच्या सावत्र आईचा, त्रिनिदाद कांदिया यांचा, उल्लेख लेखात एका ओळीत उरकला गेला, हे तुमचे म्हणणे रास्त आहे. जन्मदात्री आई त्याच्या जन्मानंतर लवकरच, १९०४ मध्येच, क्षयाने गेली, आणि त्याला वाढवले ते या बाईंनी. त्यांना सावत्र म्हणणे त्याच्या जिवावर येई, म्हणून त्याने ‘मामाद्रे’ असे स्वतःचेच संबोधन त्यांच्यासाठी घडवले. त्याने लिहिलेली पहिली कविताही त्यांनाच उद्देशून होती. मात्र ‘आईला विसरलेच’ हे काही खरे नव्हे. एक ओळ होती.

वडिलांवर अन्याय केला, हा आरोप मला मुळीच मान्य नाही. होसे देल कार्मेन रेयेस हे रेल्वेत नोकरीला, खडी वाहणाऱ्या गाडीवर. कष्टाळू आणि करडे. तीच पहिली कविता घेऊन मुलगा थरथरत गेला तेव्हा आईवडील हलक्या आवाजात काही बोलत बसले होते. वडिलांनी कागद घेतला, लक्ष नसतानाच वाचला, परत केला आणि विचारले, ‘कुठून उतरवलीस?’ मग ते आपल्या बोलण्याकडे वळले. मी एवढेच लिहिले होते आणि त्यापुढे एकही विशेषण जोडलेले नव्हते. मुलाने १९२० मध्ये टोपणनाव घेतले ते आपल्या कविता वडिलांच्या नजरेस पडू नयेत म्हणून, हे त्यानेच सांगितलेले आहे. कष्टकरी बापाला कविता कळायलाच हवी का, असे तुम्ही विचारता. नको. पण कळत नसेल तर उतरवल्याचा आळ तरी कशाला?

बायरनचे नाव तुम्ही काढलेत याचा आनंद झाला, कारण ते काढण्याआधी तुम्ही त्याचे बालपण वाचलेले दिसत नाही. साउथवेल येथे आईकडे राहत असताना तो पंधरा-सोळा वर्षांचा होता. एलिझाबेथ पिगट या त्याच्या मैत्रिणीने त्याला पहिल्यांदा पाहिले ते आईच्या घरच्या एका मेळाव्यात. दिवाणखान्यात येऊन बरोबरीच्या मुलांत खेळावे म्हणून आईला त्याला तीनदा बोलावणे पाठवावे लागले, तेव्हा कोठे तो आला: लठ्ठ, बुजरा, केस सरळ कपाळावर विंचरलेला मुलगा. युरोपभर गाजलेला, बदनाम झालेला लॉर्ड बायरन तो हाच. उलट अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनचे नाव तुम्ही घेतले असते तर मला अडचण झाली असती. तिने घराबाहेर पडणे सोडले ते मोठेपणी; शाळेत ती चांगली विनोदी म्हणून ओळखली जात असे. म्हणूनच प्रत्येक कवी लाजाळू मुलांतूनच येतो, असे मी लिहिलेले नाही, आणि ते माझ्या माथी मारण्याचे कारण नाही.

जे कवी झाले नाहीत त्या अबोल मुलांचे काय, या तुमच्या प्रश्नाबद्दल एवढेच म्हणेन की मी लेख लिहिला होता, शिरगणती केली नव्हती. कवी न झालेली धीट मुलेही पुष्कळ आहेत. त्यांचा हिशेब कोणी धीटपणाकडे मागत नाही. पुढे १९४५ मध्ये नेरूदा सिनेटर झाला, सभा गाजवू लागला, मग लाजाळूपणा गेला कोठे, या तुमच्या टोमण्यालाही उत्तर द्यायला हवे असे मला वाटत नाही.

राहता राहिला शेवटचा परिच्छेद. कुंपणाच्या भोकातून एका अनोळखी मुलाचा हात आला, त्याने लोकर विटलेली, चाके निघून गेलेली खेळण्यातली मेंढी ठेवली, आणि नेफ्तालीने घरात जाऊन आपले लाडके, राळेचा वास येणारे पाइनचे बोंड आणून तेथे ठेवले. तो मुलगा त्याला पुन्हा कधी दिसला नाही. ‘असल्या गोष्टींनी पालकांच्या डोळ्यांत पाणी आणू नका,’ असे तुम्ही लिहिले आहे. ही गोष्ट मी रचलेली नाही, त्या कवीने पन्नाशीच्या उंबरठ्यावर स्वतः सांगितलेली आहे, आणि पालकांच्या डोळ्यांची जबाबदारी माझ्याकडे नाही. दोन मुले एकमेकांशी एक अक्षर न बोलता देवघेव करतात, हे तुम्हाला भाबडे वाटत असेल. माझ्या लेखाचा सारा भार त्यावरच आहे. तो परिच्छेद काढणार नाही. त्रिनिदाद कांदिया यांच्यावर मात्र येत्या आठवड्यात एक परिच्छेद वाढवते, आणि तो तुमच्या सूचनेवरून वाढवला आहे अशी नोंदही तेथे करीन. तुमची प्रतिक्रिया जशीच्या तशी राहील, ‘ताई’सकट.