कासवाचं अंडं म्हणजे कोंबडीचं अंडं नव्हे

शेतात कासवाची अंडी सापडली तर घरी आणा, धुवा, खोक्यात बल्बखाली ठेवा, रोज फिरवा, 21 दिवसांत पिल्लं मिळतील. कोकणातल्या वेळासला हेच करतात, शिवाय घरात लक्ष्मी येते. असा मेसेज सध्या कोल्हापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. पुढे पाठवणाऱ्यांची माया खरी आहे. पण यातली जवळजवळ प्रत्येक सूचना पिल्लाचा जीव घेणारी आहे.

सगळ्यात घातक म्हणजे रोज फिरवणं. कोंबडीच्या अंड्यात बलक दोन्ही टोकांना पिळदार धाग्यांनी धरलेला असतो, त्यामुळे अंडं फिरलं तरी तो मध्येच राहतो. कोंबडी स्वतःच चोचीनं अंडी फिरवते. कासवी मात्र खड्डा करून अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते. त्या अंड्यात असे धागे नसतात. साधारण दिवसभरात गर्भ वरच्या बाजूला, कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटलं की गर्भ तुटतो किंवा बलकाखाली दबून मरतो. पंचगंगेकाठच्या एका पोल्ट्रीवाल्या मित्रानं नांगरटीत निघालेली अंडी मोठ्या मायेनं तीन आठवडे फिरवली होती. शेवटी फोडली तेव्हा एकातही जीव नव्हता. धुणंही नकोच, धुताना अंडं हातात हमखास फिरतं.

आता बल्ब आणि 21 दिवस. पोल्ट्रीचं मशीन 37.5 अंशांवर चालतं. कासवाचा गर्भ त्या उष्णतेत टिकत नाही. चांदणी कासवाच्या (स्टार टॉर्टाइज) अंड्यांना 28 ते 32 अंश लागतात, सोबत ओलावा लागतो, आणि पिल्लं यायला तीन-चार महिने किंवा जास्तच जातात. त्यातही कमी तापमानाला नर होतात, जास्त तापमानाला माद्या. म्हणजे बल्ब किती वॉटचा लावला यावर पिल्लांचं लिंग ठरणार! आपल्या ओढ्या-तळ्यांतल्या मऊ पाठीच्या कासवाची अंडी तर बऱ्याचदा पुढच्या पावसापर्यंत मातीतच थांबतात. बाविसाव्या दिवशी 'खराब निघाली' म्हणून फेकलेली अंडी जिवंतही असू शकतात.

वेळासचं उदाहरण मला मनापासून आवडतं, पण ते या मेसेजच्या विरोधात जातं. तिथे सागरी कासवांची अंडी लवकरात लवकर, न उलटता, कुंपण घातलेल्या जागी वाळूतच पुन्हा पुरतात. बल्ब नाही, मशीन नाही. काम वनविभागाच्या देखरेखीखाली चालतं.

घरी हा उद्योग गुन्हा ठरतो. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी खराब करणं किंवा हलवणं हेसुद्धा शिकारीतच मोडतं. चांदणी आणि मऊ पाठीचं, दोन्ही कासवं पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहेत. शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात, वर किमान 25 हजार दंड.

लक्ष्मीचं म्हणाल, तर अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवाला, मावळतीची किरणं देवीकडे येतात तेव्हा, आपण सगळे कासव चौकाकडे डोळे लावून बसतो. ते कासव देवीसमोर आहे, कुणाच्या खोक्यात नाही.

अंडी दिसली तर तशीच माती लोटा आणि त्या जागी काठी रोवून ठेवा, म्हणजे नांगर तिकडे जाणार नाही. उघडी पडलीच असतील तर वरच्या बाजूला पेन्सिलीनं हलकी खूण करा, सावली धरा आणि वनविभागाच्या 1926 क्रमांकावर फोन करा. त्यांचा माणूस येईपर्यंत खूण वरच राहू द्या.