पार्व्होला फिनेल पुरत नाही

पार्व्हो या कुत्र्यांच्या संसर्गजन्य, जीवघेण्या हगवणीच्या आजारावरच्या तुमच्या लेखात सलाईन, औषधाच्या वेळा सगळं नीट सांगितलंय, पण "पार्व्होतून उठलेलं पिल्लू घरी आणल्यावर फरशी फिनेलने पुसा" हे वाक्य कृपया बदला. पार्व्होचा विषाणू फिनेलने मरत नाही. आम्ही परभणीजवळच्या खेड्यात राहतो. आमची कुत्री राणी पार्व्होमुळे पाच दिवस सलाईनवर होती, वाचली. आईने रोज दोन वेळा फिनेल टाकून ओसरी पुसली, घरभर वास सुटायचा, आम्हाला वाटलं झालं स्वच्छ. पंधरवड्यात शेजारच्या काकूंचं दोन महिन्यांचं पिल्लू त्याच ओसरीवर खेळून गेलं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी रक्ताची हगवण लागली. ते वाचलं नाही. काकू काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या पिल्लाचं ते रिकामं ताट अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

नंतर डॉक्टरांनी समजावलं. आधी घाण पूर्ण काढायची, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी असं करून फरशी दहा मिनिटं ओली ठेवायची. (त्यात अ‍ॅसिड किंवा फिनेल अजिबात मिसळू नका, विषारी वायू होतो.) खरी अडचण शेणाने सारवलेल्या अंगणाची. तिथे ब्लीच नीट लागत नाही आणि मातीत हा विषाणू कित्येक महिने टिकतो. म्हणून लस पूर्ण न झालेलं पिल्लू त्या अंगणात येऊच द्यायचं नाही. बरं झालेलं कुत्रंसुद्धा पुढे काही दिवस विष्ठेतून विषाणू टाकत असतं, हेही लेखात यायला हवं होतं.